टपावरच्या दिव्यात पाणी शिरतं कुठून? एका रुग्णवाहिकेचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा, रोवणी ऐन भरात. संध्याकाळी पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटताना एका बाईला साप चावला. गावच्या मंडळाने लोकवर्गणीतून घेतलेली रुग्णवाहिका तिला घेऊन तालुक्याला गेली. तिथे पहिली लस मिळाली आणि गाडी पुढे गडचिरोलीकडे निघाली. रात्री नऊच्या सुमारास डाव्या हाताच्या पांदणीतून केजव्हील, म्हणजे चिखलणीची लोखंडी जाळीची चाकं, लावलेला एक ट्रॅक्टर रस्ता ओलांडायला वर चढला. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला सायरन ऐकू येत नाही, त्याला दिसतो तो दिवा. आणि त्या रात्री गाडीच्या टपावरच्या दिव्याची डावी बाजू पूर्ण काळोखी होती. गाडी चालवणाऱ्या काकाजींनी ब्रेक दाबला, मागचं चाक साइडपट्टीच्या चिखलात उतरलं आणि गाडी वर काढण्यात पाच-सात मिनिटं गेली. बाई वाचली, आठ दिवसांनी घरी आली. सापाच्या विषाच्या हिशोबात पाच-सात मिनिटं किती मोठी असतात, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दुकानासमोर उभी होती. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. काकाजी खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, तीन आठवड्यांआधी तुमीच तं हा दिवा पॅक करून देल्ला होता ना जी. मंग पाणी काहून आलं आतमंधी?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. उत्तर असं निघालं की पाणी माझ्याच दुरुस्तीमुळे आत साठलं होतं. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण मी जे केलं तेच आमच्या धंद्यात दहातले नऊ जण करतात.

गाडी आणि दिवा

गाडी म्हणजे साधी व्हॅन, १२ व्होल्टची. टपावर चार फुटी एलईडी लाईटबार. खाली ॲल्युमिनियमची पट्टी, वर निळी काच. आम्ही काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट असतं. काच आणि पट्टीच्या मध्ये फोमचं पॅकिंग. बारच्या तळाला दोन्ही टोकांना एकेक बारीक छिद्र, आत गेलेलं पाणी निथळून जावं म्हणून कंपनीनेच ठेवलेलं. मधोमध एक छोटं टोपण, हवेसाठी. वायरचा जुडगा डाव्या टोकाच्या तळातून ग्रोमेटमधून, म्हणजे छिद्रात बसवलेल्या रबरी कड्यातून, खाली येतो.

१ मे २०१७ पासून मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. तेव्हापासून टपावर लुकलुकणारा दिवा दिसला की लोक खरंच बाजूला होतात, कारण आता त्याचा अर्थ एकच उरला आहे. त्यामुळे हा दिवा अर्धा बंद पडणं ही मला किरकोळ तक्रार वाटत नाही.

पहिली दुरुस्ती

जूनमध्ये मृगाचा पाऊस सुरू झाला आणि आठच दिवसांत काकाजी गाडी घेऊन आले होते. काचेच्या आतून धुकं धरलं होतं, खाली थोडे थेंब. मी बार उघडला, पुसला, दुकानातल्या पंख्याखाली दुपारभर ठेवला. मग सिलिकॉनची ट्यूब घेतली आणि पॅकिंगच्या बाहेरून चारही बाजूंनी जाड रेघ ओढली. ग्रोमेटवर लावलं, तळाच्या दोन्ही छिद्रांवर लावलं, हवेच्या टोपणावरही लावलं. डाव्या छिद्रातून सायरनच्या भोंग्याची दोन तारांची वायर बाहेर आली होती, आदल्या वर्षी कोणीतरी ती तिथून काढली होती. तिच्याभोवती आतून आणि बाहेरून सिलिकॉनचा गोळा बसवला. पाणी जाईल अशी एकही जागा सोडली नाही. समाधानाने गाडी परत दिली.

त्या ट्यूबला शिरक्यासारखा उग्र वास होता. त्या वासाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पुढे त्याचंही सांगतो.

सत्तर मिलीचा हिशोब

दुसऱ्या खेपेला मी बार घाईने उघडला नाही. आधी गाडी सपाट जागी लावली आणि बाहेरूनच नीट पाहिलं. उजव्या बाजूला काचेवर सारखं, पातळ धुकं. डाव्या बाजूला चक्क पाणी हलताना दिसत होतं आणि काचेच्या आत बोटभर उंचीवर लाल गाळाची एक रेघ उमटली होती, पुराचं पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतीवर राहते तशी. एक स्क्रू काढून सिरिंजने पाणी ओढलं. सत्तर मिली भरलं.

इथे मी थांबून हिशोब केला, आणि तो प्रत्येक मेकॅनिकने एकदा तरी करावा. बारमधली मोकळी जागा साधारण सहा लिटर. ३० अंश तापमानाला हवा अगदी चिंब झाली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे सहा लिटर हवेत फार तर ०.१८ ग्रॅम, तीन-चार थेंब. त्यामुळे "दमट हवेने आत पाणी धरलं" हे स्पष्टीकरण तीन-चार थेंबांपुरतंच खरं असतं. सत्तर मिली पाणी हवेतून येत नाही. ते पाणी म्हणूनच आत आलेलं असतं, आणि कुठूनतरी ओढलं गेलेलं असतं.

ओढलं कोणी? तर बारनेच. पाऊस नसलेल्या वेळात गाडी उन्हात उभी करून दिवा अर्धा तास चालवला आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मामीटर लावला. ५८ अंश दाखवलं. आता अशा तापलेल्या बारवर सरीचं २५ अंशांचं पाणी पडलं, तर आतली हवा दहा टक्क्यांनी आकसते. सहा लिटरचे दहा टक्के म्हणजे सहाशे मिली. बार पूर्ण बंद असेल तर आत जी ओढ तयार होते, ती जवळजवळ एक मीटर पाण्याच्या दाबाएवढी असते. दिवा विहिरीत हातभर नव्हे, चांगला मीटरभर खोल बुडवल्यासारखं हे झालं. आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, लिहिलेल्या वस्तूची चाचणीही एक मीटर पाण्यात अर्धा तास अशीच असते. पण ती नव्या वस्तूची, एकदाच. आमच्याकडे पावसाळ्यात ऊन-पावसाचा खेळ दिवसातून चारदा चालतो आणि बारचं पॅकिंग आधीच नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सोसून आलेलं असतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांना टेकतो, मग टपावरच्या फोमचं काय होत असेल ते बोटाने दाबून पाहिलं की कळतं. तो परत फुगत नाही.

जुन्या फिरत्या हॅलोजन दिव्यांची एक गोष्ट इथे आठवते. त्यांचा बल्ब इतका तापायचा की काचेवरचं धुकं दहा मिनिटांत उडून जायचं. एलईडीची उष्णता मागे पट्टीत जाते, समोरची काच थंडच राहते. त्यामुळे आत आलेली ओल आपोआप वाळत नाही, तिथेच बसते. जुना अनुभव नव्या दिव्याला लावून "चालू ठेवा, वाळेल" असं सांगणं मी आता बंद केलं आहे.

वाट सापडली

पाणी नेमकं कुठून येतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या वेळी हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. बार गाडीवरच ठेवला. काच काढून पॅकिंगच्या आतल्या कडेला आणि तळाच्या छिद्रांभोवती खडूची पूड भुरभुरली, काच परत लावली आणि झारीने पाणी सोडलं. वॉशिंगची धार मुद्दाम मारली नाही, पाऊस पडतो तसं वरून सोडलं. दिवा आधी तापवलेला होता. वीस मिनिटांनी उघडलं तर पॅकिंगची पूड कोरडी. ग्रोमेटची कोरडी. फक्त भोंग्याच्या वायरभोवती खडूचा काला झाला होता.

मग बार टपावरून उतरवला तेव्हा सगळं उलगडलं. बारच्या डाव्या पायाजवळ टपाच्या पत्र्याला खोलगटपणा आहे. तिथे पाव इंच पाणी साचून राहतं आणि ती वायर थेट त्या डबक्यात उतरत होती. मुरमाच्या रस्त्यावर गाडी सतत थरथरते, वायर हलत राहते, आणि हलत्या प्लास्टिकच्या वायरला सिलिकॉन धरत नाही. भोवती केसाएवढी फट पडली होती. बाहेरचं तोंड डबक्यात, आतलं तोंड माझ्याच सिलिकॉनच्या गोळ्याच्या टोकावर, तळापासून अंगठाभर उंच.

हेच या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून सावकाश सांगतो. बार गार झाला की मीटरभर पाण्याच्या जोराने फटीतून पाणी वर ओढलं जायचं आणि गोळ्यावरून आत सांडायचं. बार तापला की हवा फुगून त्याच फटीतून बाहेर जायची, पण पाणी गोळ्याच्या खाली असल्याने तिथेच राहायचं. निथळायची दोन्ही छिद्रं मी बुजवली होती. हवेचं टोपण मी बुजवलं होतं. म्हणजे हवा बाहेर आणि पाणी आत, असा एकतर्फी पंपच मी तयार करून दिला होता. मी काहीच केलं नसतं तर थोडं पाणी आलं असतं आणि उजव्या छिद्रातून निथळून गेलं असतं.

आमच्या पट्ट्यात हे समजावणं अवघड नाही. ओलसर धान प्लास्टिकच्या पोत्यात तोंड बांधून ठेवलं तर ते काळं पडतं, बारदान्यात ठेवलं तर वाचतं. काकाजींना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे दिव्यालेबी बारदाना पाह्यजे." बरोबर तेच.

आत झालेलं नुकसान पाण्यापेक्षा विजेने जास्त केलं होतं. डाव्या बाजूच्या कपलरची, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सॉकेटची, एक पिन पार खाऊन गेली होती, शेजारची फक्त हिरवी. खाल्लेली पिन पॉझिटिव्हची. या बारला बॅटरीचा पॉझिटिव्ह कायम जोडलेला होता आणि बटणावर फक्त इशारा जायचा. दिवा बंद असतानाही पाण्यात बुडालेल्या त्या पिनवर रात्रंदिवस १२ व्होल्ट उभे होते, आणि अशा वेळी पॉझिटिव्हचं तांबं विरघळत जातं. त्यात त्या शिरक्याच्या वासाच्या सिलिकॉनने भर घातली. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो. सिलिकॉन सुकताना ते बाहेर पडतं आणि बंद डब्यात तांब्याला लागतं. विजेच्या कामाला न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, बिनवासाचं सिलिकॉन घ्यायचं असतं. ट्यूबवर ते छापलेलं असतं, मी आजवर वाचलं नव्हतं.

दुसरी दुरुस्ती

आधी सगळं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं. काचेला पेट्रोल किंवा थिनर लावला नाही. पॉलिकार्बोनेट त्याने पांढुरकं होतं आणि स्क्रूच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरलं. स्क्रू घट्ट राहावेत म्हणून लावतात ते थ्रेडलॉकही या काचेच्या जवळ नको, त्यानेही ती तडकते. बोर्डवरचा गाळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढला. वाळवायला ऊन नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटचा बल्ब लावून बार रात्रभर त्यात ठेवला. शेजारच्या दुकानदाराने तांदळात पुरून ठेवायला सुचवलं होतं. तांदळाने फार ओल ओढली जात नाही आणि पीठ कपलरमध्ये अडकतं, ते मी टाळलं.

भोंग्याची वायर निथळण्याच्या छिद्रातून काढून टाकली. तिला टपातून स्वतंत्र वाट दिली, नायलॉनची ग्लँड लावून. ग्लँड आवळली की आतलं रबर वायरला चहूबाजूंनी धरतं आणि वायर हलली तरी फट पडत नाही. मुख्य जुडग्यालाही जुन्या ग्रोमेटच्या जागी तशीच ग्लँड. दोन्ही वायरी ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली एक झोका देऊन वळवल्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून जातं. हा झोका फुकटात होतो, तरी दहा गाड्यांपैकी एखाद्याच गाडीला दिसतो.

तळाची दोन्ही छिद्रं खिळ्याने मोकळी केली. हवेच्या टोपणाऐवजी १२ मिलिमीटर आट्याचा व्हेंट प्लग बसवला, रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांना असतो तसा. त्याच्या आत एक पांढरी चकती असते, तिची छिद्रं इतकी बारीक की हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. काकाजींचा बारदाना तो हाच. बार गार झाला की आता तो हवा या चकतीतून घेतो, पॅकिंगच्या फटीतून पाणी ओढायचं त्याला कारणच उरत नाही.

कोणी विचारेल, तळाला छिद्रं उघडीच आहेत तर व्हेंट कशाला? छिद्रं टपाच्या पत्र्याच्या जवळ असतात, शिंतोडे आणि साचलेलं पाणी त्यांना झाकू शकतं. हवा घ्यायची जागा पाण्यापासून दूर, बाजूला हवी. म्हणून बारचे दोन्ही पाय रबराच्या चकत्या घालून अर्धा इंच उचलले, आणि प्लग बाजूच्या भिंतीला, तोंड मागे करून लावला.

पॅकिंग नवं टाकलं, ईपीडीएम फोमचं, म्हणजे ऊन-पाणी सोसणाऱ्या रबराचं, अखंड. जोड आला तो तळाला नाही, मागच्या बाजूला घेतला. चौदा स्क्रू मधून टोकांकडे, आळीपाळीने, हाताच्या जोरावर बसवले. मशीनने आवळले की फोम एका जागी चेपतो आणि शेजारी उचलला जातो. कपलर नवा, पिनांवर ओल अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस. आणि पॉझिटिव्हच्या वाटेत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकला, म्हणजे बटण बंद असताना बारमध्ये वीजच नाही. उद्या पुन्हा ओल आलीच तरी पिन खाल्ली जाणार नाही.

मेलेले दोन एलईडी आणि एक बोर्ड बदलावे लागले, खरा खर्च तोच होता. ग्लँड, फोम, प्लग आणि रिले मिळून त्याच्या पाव पटीतही गेले नाहीत. हे सगळं जूनमध्येच केलं असतं तर बोर्ड वाचला असता. मजुरी मी घेतली नाही, घेण्यासारखी नव्हती.

पावसाळाभर

काकाजींना तीन गोष्टी सांगितल्या. दिवा गरम असताना गाडी धुवायची नाही, अर्धा तास सावलीत थांबायचं. वॉशिंगची धार काचेच्या जोडावर जवळून मारायची नाही. पाण्याच्या धारेची चाचणी अडीच-तीन मीटरवरून होते, वॉशिंग सेंटरवर मुलगा हातभर अंतरावरून मारतो. आणि आत धुकं दिसलं तर तारीख, वेळ आणि किती वेळात गेलं ते लॉगबुकच्या मागच्या पानावर लिहायचं.

ऑगस्टमध्ये वैनगंगेला पूर आला, गाडी चार दिवस सतत पावसात फिरली. पान कोरं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पहिली नोंद: सकाळी डाव्या टोकाला धुकं, दुपारी एकपर्यंत गेलं. काकाजी काळजीत होते. मी त्यांना सांगितलं की हे चालेल. ते त्या तीन-चार थेंबांतलं धुकं आहे, व्हेंटने आलं आणि व्हेंटनेच गेलं. काळजी तेव्हा करायची जेव्हा धुकं दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, थेंब ओघळून रेघ धरतील किंवा एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा दिसेल.

ऑक्टोबरमध्ये हलकं धान कापणीला आलं तेव्हा मी बार एकदा उघडून पाहिला. आत कोरडं, कपलर पिवळाधमक, बार बंद करताना पुन्हा टाकलेली खडूची पूड होती तशी. पण उजवं निथळण्याचं छिद्र बंद होतं. कुंभारमाशीने त्यात मातीचं घर बांधलं होतं, आतून घट्ट, नखाने निघेना. पावसाळ्याच्या मध्यावर हे झालं असतं तर आम्ही पुन्हा अर्ध्या वाटेवर असतो. दोन्ही छिद्रांवर आतून स्टीलच्या जाळीचा तुकडा बसवला, पण बाहेरून माती लिंपायला तिला अजूनही जागा आहे. त्यामुळे काकाजींच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता शिंदीच्या फड्याची, म्हणजे झाडूची, एक काडी असते. दर पहिल्या तारखेला डिझेल भरलं की ते टपावर चढून ती दोन्ही छिद्रांत फिरवतात.